‘आजार नाही’ आणि ‘तपासलेले नाही’: जनावरांच्या ऑनलाइन विक्रीतील आरोग्य घोषणापत्राचे परीक्षण

जनावरांच्या खरेदी-विक्रीची एक ऑनलाइन सेवा मी गेली तीन वर्षे वापरत आहे. या काळात तिच्यावरून मी एक कालवड घेतली आणि माझ्या गोठ्यातल्या दोन गाई विकल्या. जाहिरात टाकणे, गिऱ्हाईक मिळणे, वाहतुकीची सोय होणे या बाबी ठीक चालतात, त्यामुळे त्यांवर इथे शब्द खर्च करत नाही. हे परीक्षण केवळ एका गोष्टीचे आहे: विक्रेत्याने जनावराच्या आरोग्याविषयी भरून द्यायच्या घोषणापत्राचे. जाहिरातीतला फोटो आणि दुधाचा आकडा पाहून गिऱ्हाईक येते, परंतु व्यवहार टिकतो की तंट्यात जातो हे या घोषणापत्रावर ठरते, आणि मी ते कागदाच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

सुरुवात खरेदीपासून करते, कारण त्या वेळी घोषणापत्र जुन्या स्वरूपात होते. त्यात आजारांची नावे एकाखाली एक दिलेली असत आणि प्रत्येकासमोर ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच दोन चौकोन असत. मी घेतलेली कालवड पाच महिन्यांची गाभण होती. तिच्या घोषणापत्रात सगळीकडे ‘नाही’वर खूण होती आणि लसीकरणापुढे ‘पूर्ण’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता. कालवड देखणी होती, खाण्यापिण्याला चोख होती, रवंथ व्यवस्थित होता, शेण घट्ट होते. बाहेरून पाहून कोणीही नाव ठेवले नसते. दोन महिन्यांनी, म्हणजे सातव्या महिन्यात, ती गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, आणि वार (गर्भासोबत बाहेर पडणारे आवरण) अडकून राहिली.

सातव्या महिन्यातले गाभडणे आणि त्यापाठोपाठ वार अडकणे हे ऐकल्यावर पशुवैद्यकाच्या मनात पहिली शंका सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलोसिसची येते. रक्ताच्या रोझ बेंगॉल चाचणीत गुलाबी थेंबात गुठळ्या दिसल्या, म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आली. तेव्हा पशुवैद्यकाने मला विचारलेला प्रश्न मी अजून विसरलेले नाही: हिला लहानपणी या रोगाची लस टोचली होती का, आणि टोचली असेल तर कोणत्या वयात? ही लस फक्त मादी वासरांना, साधारण ४ ते ८ महिन्यांच्या वयात टोचतात. तिच्यामुळे तयार होणारी प्रतिद्रव्येही त्याच चाचणीत पॉझिटिव्ह दाखवू शकतात, विशेषतः लस उशिरा दिलेली असेल तर. माझ्या हातातल्या कागदावर ‘पूर्ण’ असे लिहिलेले होते. कोणती लस पूर्ण, कधी पूर्ण, याचा पत्ता नव्हता. अखेर मेलेल्या गर्भाच्या जठरातील द्रव प्रयोगशाळेत पाठवावा लागला आणि त्यातून जंतू वाढले तेव्हा निदान पक्के झाले. तारखेसह लिहिलेली लशीची एक ओळ असती, तर निदान नाही तरी निदानाकडे जाण्याची वाट नक्कीच सोपी झाली असती.

मी विक्रेत्याला फोन केला तेव्हा भांडण करायच्या तयारीने केला होता. तो शांतपणे म्हणाला, “ताई, मी खोटं कुठं लिहिलं? आजार आहे असं मला कधी दिसलंच नाही. तपासणी तर कधी केलीच नव्हती.” आणि विचार करता त्याचे म्हणणे खरे होते. त्याला ‘नाही’ या चौकोनाखेरीज दुसरी जागाच दिलेली नव्हती. ज्याने तीनदा तपासून घेतले तोही तिथेच खूण करणार आणि ज्याने आजाराचे नावही ऐकलेले नाही तोही तिथेच. सेवेकडे तक्रार केली असता उत्तर आले की घोषणापत्र विक्रेत्याच्या माहितीप्रमाणे खरे आहे. ते उत्तर मला त्या वेळी संतापजनक वाटले. आज मला ते अपुरे वाटते, चुकीचे वाटत नाही.

माझी स्वतःची चूकही इथेच नोंदवते. कालवड आली त्याच दिवशी मी तिला इतर गाईंच्या ओळीत दावणीला बांधले. नवे जनावर तीन-चार आठवडे वेगळे ठेवावे, त्याचे पाणी, चारा आणि भांडी वेगळी ठेवावीत, हे मला माहीत होते. परंतु कागदावरच्या त्या सगळ्या ‘नाहीं’नी मला निर्धास्त केले. गाभडलेल्या गर्भात, वारेत आणि त्या वेळच्या स्रावात हे जंतू प्रचंड प्रमाणात असतात, माणसालाही ते उघड्या हाताने वार काढताना किंवा कच्च्या दुधातून लागतात. पुढचे कित्येक महिने माझा सगळा गोठा पुन्हा पुन्हा तपासून घ्यावा लागला आणि त्या कालवडीला कायमचे वेगळे करावे लागले. बाकीच्या गाई वाचल्या, हे मी नशीब समजते.

त्यानंतरच्या वर्षी सेवेने घोषणापत्र बदलले. माझ्या तक्रारीमुळे बदलले असे म्हणण्याचा मोह मी आवरते. अशा तक्रारी त्यांच्याकडे बऱ्याच गेल्या असणार. नव्या स्वरूपात प्रत्येक आजारापुढे तीन पर्याय आहेत: ‘तपासले, निगेटिव्ह’, ‘तपासले, पॉझिटिव्ह’ आणि ‘तपासलेले नाही’. पहिल्या दोन पर्यायांना तारीख, चाचणीचे नाव आणि अहवालाचा फोटो सक्तीचा आहे. या एका सुधारणेसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेतीन गुण देते, आणि जुन्या स्वरूपाला मी एकच दिला असता. ‘तपासलेले नाही’ हे लिहायला विक्रेत्याला आता लाज वाटत नाही, कारण ते पर्यायातच छापलेले आहे. आणि गिऱ्हाइकाला कळते की ही जोखीम आपली आहे, तेव्हा एक तर तपासणी करून घ्यावी, नाही तर किमतीत ती धरावी.

तरीही ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ घोषणापत्र सगळ्या आजारांसाठी सारखाच धरते, आणि तिथे ते कमी पडते. ब्रुसेलोसिसचेच घ्या. बाधित गाईच्या पोटी जन्मलेल्या कालवडीत जंतू दबून राहू शकतात आणि तिची रक्ततपासणी पहिल्या गाभणपणापर्यंत, क्वचित व्यायच्या वेळेपर्यंत, निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे एकट्या कालवडीच्या अहवालापेक्षा ती ज्या कळपातून आली त्या कळपाचा इतिहास अधिक बोलका असतो: मागच्या दोन-तीन वर्षांत किती गाई गाभडल्या, किती वेळा वार अडकली. घोषणापत्रात कळपाविषयी एक प्रश्न आहे, परंतु तो ‘गोठ्यात सध्या कोणते आजारी जनावर आहे का?’ एवढाच आहे. ‘सध्या’ हा शब्द काढून टाकला तरी त्या प्रश्नाची किंमत दुप्पट होईल.

जोन्स या आतड्याच्या जुनाट रोगाची गोष्ट याहून अवघड आहे. वासराला हा रोग बहुधा पहिल्या काही महिन्यांत, शेणाने माखलेल्या सडातून किंवा चिकातून लागतो आणि जनावर खंगायला, पाण्यासारखे हगायला लागते ते दोन वर्षांनी, कधी पाच-सहा वर्षांनी. मधल्या काळात रक्ताच्या चाचणीत तो बहुतेकदा सापडत नाही. दीड वर्षाच्या कालवडीचा निगेटिव्ह अहवाल म्हणूनच फारसे काही सांगत नाही. ऑस्ट्रेलियात या अडचणीवर काढलेली वाट मला शहाणपणाची वाटते: तिथे मांसासाठी पाळलेल्या कळपांना जोन्सच्या बाबतीत ० ते ८ असा गुणांक असतो आणि विक्रेता राष्ट्रीय आरोग्य घोषणापत्रात तो लिहितो. तिथे एका जनावराचा अहवाल नव्हे, तर सगळ्या कळपाची विश्वासार्हता समोर ठेवली जाते. आपण वापरतो त्या सेवेत जोन्सचे नाव यादीत आहे, परंतु तो काय आहे याचे एका ओळीचेही स्पष्टीकरण नाही. परिणामी बहुतेक जाहिरातींत तिथे डोळे मिटून ‘तपासलेले नाही’ केलेले दिसते. खरे असले तरी विचार करून लिहिलेले ते नव्हे. विषाणूजन्य हगवणीचा, म्हणजे बीव्हीडीचा, तर यादीत उल्लेखच नाही. आयर्लंडमध्ये २०१३ पासून जन्मलेल्या प्रत्येक वासराच्या कानाचा कण घेऊन या रोगाची चाचणी सक्तीची केली गेली, कारण गर्भात असतानाच बाधा झालेले वासरू जन्मभर विषाणू पसरवत राहते आणि वरून ठणठणीत दिसू शकते. एवढ्या महत्त्वाच्या रोगाला यादीत एक ओळ मिळायला हरकत नव्हती.

क्षयाच्या रकान्यात एक फट आहे आणि ती जाणणारे लोक तिचा फायदा घेतात, म्हणून ती जरा सविस्तर सांगते. क्षयाच्या चाचणीत मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिन, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेले प्रथिन, टोचतात आणि ७२ तासांनी तिथली कातडी किती जाड झाली ते मापकाने मोजतात. एकदा टोचल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा टोचले, तर शरीराची प्रतिक्रिया दबलेली असते आणि बाधित जनावरही निगेटिव्ह येऊ शकते; म्हणूनच दोन चाचण्यांत कमीत कमी सहा आठवड्यांचे अंतर पाळतात. ज्याला लपवायचे आहे तो गिऱ्हाइकाच्या चाचणीच्या थोडे आधी स्वतः गुपचूप टोचून घेतो. नुकत्याच व्यालेल्या गाईतही ही प्रतिक्रिया मंदावते. घोषणापत्राने फक्त अहवालाची तारीख विचारली आहे. ‘मागच्या सहा आठवड्यांत ट्युबरक्युलिन टोचले होते का?’ आणि ‘गाय कधी व्याली?’ हे दोन प्रश्न त्याच रकान्यात शेजारी शेजारी हवेत. व्यायल्याची तारीख फॉर्ममध्ये आहे, पण ती तीन पाने पुढे, दुधाच्या माहितीत आहे. दोन गोष्टी जोडून वाचण्याचे काम गिऱ्हाइकावर सोडलेले आहे.

आता विक्रेती म्हणून आलेला अनुभव. पहिली गाय विकायला काढली तेव्हा फॉर्म भरायला मला जवळजवळ दीड तास लागला, आणि त्यातला अर्धा वेळ जुने कागद शोधण्यात गेला. जन्मतारीख सक्तीची ठेवलेली आहे, हे मला पटले नाही. विकत घेतलेल्या जनावराची जन्मतारीख कित्येकांना ठाऊक नसते आणि मग लोक ठोकून देतात. ‘दोनदाती’, ‘चारदाती’, ‘जुळलेली’ असे दातांवरून वय सांगणारे पर्याय दिले तर अंदाज निदान खरा तरी राहील. लशींचा भाग मात्र आता चांगला झाला आहे: लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या, लम्पी, ब्रुसेलोसिस यांसाठी प्रत्येकी वेगळी तारीख आणि बॅच क्रमांक लिहायला जागा आहे. या तारखांचा उपयोग काय, असे एका शेजाऱ्याने मला विचारले होते. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे जातात. गाडीत चढवायच्या आदल्या दिवशी टोचलेल्या लशीने कागद भरतो, जनावर सुरक्षित होत नाही. तारीख असली की ते लगेच दिसते. जंतनाशक आणि गोचिडांच्या औषधांचा भाग नेहमीसारखाच आहे.

औषधांच्या रकान्यात मी स्वतः अडखळले. प्रश्न असा आहे: ‘मागील ३० दिवसांत जनावराला प्रतिजैविक दिले आहे का?’ मी विकत असलेली दुसरी गाय भाकड होती, गाभण होती, आणि आटवताना चाळीस दिवसांपूर्वी तिच्या चारही सडांत मी लांब काळ टिकणाऱ्या औषधाच्या नळ्या सोडल्या होत्या. प्रश्नाला माझे खरे उत्तर ‘नाही’ होते. परंतु त्या औषधाच्या वेष्टनावर, गाय वेळेआधी व्याली तर दूध किती दिवस वापरू नये, हे स्पष्ट छापलेले असते. ते दिवस आटवल्याच्या तारखेपासून आणि व्यायल्यापासून मोजावे लागतात. गाय घेणाऱ्याला हे कळले नाही आणि ती पंधरा दिवस आधी व्याली, तर पहिल्या दिवसांचे दूध औषधासकट संकलनात जाणार आणि टँकरच्या चाचणीत दोष त्याच्या माथी येणार. मी ‘नाही’ वर खूण करून शेरा रकान्यात औषधाचे नाव, तारीख आणि नळीचा फोटो टाकला. प्रश्न ‘मागील ३० दिवसांत’ असा न ठेवता ‘ज्या औषधाचा दूध किंवा मांस वापरण्याचा निषिद्ध काळ अजून संपलेला नाही असे कोणते औषध दिले आहे?’ असा विचारला, तर हा घोळ उरणार नाही.

कासेच्या भागाची मी मनापासून स्तुती करते. चार सडांचे चित्र दिलेले आहे आणि प्रत्येक सडापुढे वेगळी नोंद करायची आहे: दूध पूर्ण येते का, कासदाह कधी झाला होता, सड बंद आहे का. माझ्या पहिल्या गाईच्या मागच्या उजव्या सडाला आधीच्या वेतात कासदाह झाला होता. उपचार झाले होते, परंतु त्या सडाचे दूध कायमचे कमी झाले होते. मी ते तसेच लिहिले. लिहिताना हात जरा अडखळला, हे कबूल करते; गिऱ्हाईक बिचकेल असे वाटले. गाय पाहायला जे गृहस्थ आले ते सकाळच्या धारेच्या वेळीच आले आणि पिशवीतून चार कप्प्यांची पांढरी पाटी आणि कासदाह ओळखण्याच्या जांभळ्या द्रावणाची बाटली काढली. पहिल्या चिळा बाजूला टाकून त्यांनी प्रत्येक सडाचे थोडेथोडे दूध त्या-त्या कप्प्यात घेतले, तेवढेच द्रावण ओतले आणि पाटी गोल फिरवली. तीन कप्प्यांत दूध पाण्यासारखे हलत राहिले. चौथ्यात ते दाट होऊन शेंबडासारखे गोळा झाले. त्यांनी मोबाइल काढून माझे घोषणापत्र उघडले, मागच्या उजव्या सडाची ओळ वाचली आणि म्हणाले, “ताई, लिहिलंय तेच निघालं. मग बाकीचं लिहिलेलंही खरं असणार.” त्यांनी किमतीत थोडी घासाघीस केली, त्या सडापोटी मी थोडे कमी केले, आणि गाय गेली. आज वर्ष होत आले, एकही तक्रार नाही.

प्रजननाच्या भागात गाय उलटते का (रेतनानंतर पुन्हा माजावर येते का), किती वेळा रेतन केले, मायांग (योनी किंवा गर्भाशय) कधी बाहेर आले होते का, हे विचारले आहे, आणि गाभण असल्यास तपासणी कोणी व कधी केली हेही. हे पुरेसे आहे. खोडींचा रकाना मात्र मजेशीर आहे: लाथ मारणे, दुसरीचे सड ओढणे, दावे तोडणे, एवढे तीनच पर्याय दिलेले आहेत. माझी एक गाय अनोळखी माणसाला पाहून दूध वर चढवते. हे कुठे लिहावे ते मला सापडले नाही, आणि नव्या घरी पहिले आठ दिवस तिने नेमके तेच केले.

आता पडताळणीकडे. विक्रेत्याला वाटल्यास तो पशुवैद्यकाकडून तपासणी करून घेऊ शकतो. पशुवैद्यक स्वतःच्या खात्यातून ताप, नाडी, श्वास, कास आणि खुरांची नोंद करतो आणि मग जाहिरातीवर हिरवी खूण उमटते. सोय उत्तम आहे. पण ती खूण संपूर्ण जाहिरातीवर लागते, जणू घोषणापत्रातले प्रत्येक वाक्य पशुवैद्यकाने तपासले आहे. विक्रेत्याने आपल्या माहितीने केलेले निवेदन आणि पशुवैद्यकाने विशिष्ट दिवशी प्रत्यक्ष पाहून दिलेला दाखला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एका हिरव्या खुणेत मिसळणे धोक्याचे आहे. ती खूण फक्त पशुवैद्यकाने भरलेल्या भागापाशीच, तारखेसह हवी.

मुदतीचा प्रश्न यालाच लागून आहे. एकदा भरलेले घोषणापत्र जाहिरातीसोबत ९० दिवस जसेच्या तसे राहते. लाळ्या-खुरकुताची बाधा झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण २ ते १४ दिवस लागतात. लम्पीसाठी जागतिक पशुआरोग्य संघटना २८ दिवसांचा काळ धरते. तेव्हा अडीच महिन्यांपूर्वी लिहिलेले ‘ताप नाही, अंगावर गाठी नाहीत’ हे वाक्य विक्रीच्या दिवशी निव्वळ इतिहास असतो. लस आणि चाचण्यांच्या तारखा जुन्या असल्या तरी चालतात, कारण त्या तारखेसह लिहिलेल्या असतात. सध्याची प्रकृती आणि गोठ्यातील सध्याची स्थिती एवढा भाग जनावर गाडीत चढवायच्या दिवशी विक्रेत्याकडून पुन्हा भरून घ्यायला हवा. पाच प्रश्नांचे काम आहे, दोन मिनिटे लागतील.

ओळख पटवण्याच्या बाबतीत एक गंमत घडली, जी खरे तर गंमत म्हणून सोडून देण्यासारखी नाही. दुसऱ्या गाईचा रक्ततपासणीचा अहवाल चढवताना माझ्याकडून चुकून तिच्या बहिणीचा अहवाल चढवला गेला. अहवालावर कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक ठळक छापलेला होता आणि तो घोषणापत्रातल्या क्रमांकाशी जुळत नव्हता. फॉर्मने तो बिनतक्रार स्वीकारला, वर ‘अहवाल जोडला’ अशी खूणही दाखवली. दोन दिवसांनी माझ्याच लक्षात आल्यावर मी तो बदलला. माझ्या हातून चुकून झाले ते दुसऱ्याच्या हातून ठरवून होऊ शकते. बिल्ला गळून पडल्याने नवा घातलेल्या जनावराचे जुने अहवाल जोडायची वेळ येते तेव्हा तर हा गोंधळ आणखी वाढेल. जुना आणि नवा असे दोन्ही क्रमांक लिहायला जागा हवी. नाकपुडीवरच्या रेषा प्रत्येक जनावराच्या वेगळ्या असतात, त्यामुळे फोटोंमध्ये नाकाचा एक जवळून घेतलेला फोटो मागितला तर बरीच मदत होईल.

कोणाला ही सेवा वापरायची असेल तर खरेदीदाराने घोषणापत्रातील ‘तपासलेले नाही’ या ओळी आधी वाचाव्यात, मग ‘निगेटिव्ह’च्या तारखा पाहाव्यात, आणि घरी आणलेले जनावर कागद कितीही चांगला असला तरी वेगळे बांधावे. विक्रेत्याने शेरा रकाना मोकळेपणाने वापरावा. फॉर्ममध्ये न मावणारे बरेच काही तिथे मावते.

वर लिहिलेल्यांपैकी दोन मागण्या मी सेवेच्या ग्राहक विभागाला लेखी कळवल्या होत्या: अहवालावरील बिल्ला क्रमांकाची पडताळणी, आणि विक्रीच्या दिवशी सध्याच्या प्रकृतीची पुन्हा नोंद. पहिलीचे उत्तर पंधरा दिवसांत आले, आणि आता अहवाल जोडताना बिल्ल्याचा क्रमांक हाताने टंकावा लागतो. तो जुळला नाही तर फॉर्म पुढे सरकत नाही. दुसरीचे उत्तर अजून आलेले नाही.